शाखा, स्टडी सर्कल की घरबसल्या तास? जिल्ह्याच्या गावी नव्यानं प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या सीएला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "गेल्या वर्षी सीए झाले, काही महिने नोकरी केली आणि आता जिल्ह्याच्या गावी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आहे. आर्टिकलशिप, म्हणजे सीएकडची उमेदवारी, पुण्यात झाल्यामुळे इथल्या सीए मंडळींत ओळखीचं कोणी नाही. सीनियर सांगतात, इन्स्टिट्यूटच्या शाखेत येत जा. बॅचमेट सांगतात, वेळ फुकट जातो, सीपीईचे, म्हणजे सीएंच्या सक्तीच्या चालू शिक्षणाचे, तास घरी बसून होतात. मुंबईच्या संस्थांची वर्गणी भरावी का? आणि विभागीय परिषद, म्हणजे डब्ल्यूआयआरसी, आपल्यासारख्यांसाठी नक्की करते काय?"

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. शाखेच्या मोठ्या सेमिनारना गेला नाहीत तरी फारसं बिघडत नाही. स्टडी सर्कलला, म्हणजे सीएंच्या छोट्या अभ्यासगटाला, मात्र पहिल्या महिन्यापासून जा आणि चुकवू नका. मुंबईच्या एका संस्थेची वर्गणी भरा, दोनची नको. निवडणुका, समित्या आणि व्यासपीठावरच्या खुर्च्या यांपासून पहिली पाच-सहा वर्षं लांब राहा. मी १९९४ पासून जिल्ह्याच्या गावात एकटीनं प्रॅक्टिस करते आहे. शाखेत मी पुष्कळ संध्याकाळी वाया घालवल्या आहेत, आणि अडचणीच्या वेळी मला हात देणारी माणसंही तिथलीच होती. त्यामुळे तुमचे सीनियर आणि बॅचमेट दोघांचंही मला पटतं.

रचनेबद्दल नव्या मंडळींच्या मनात बराच घोळ असतो, तो आधी काढू. इन्स्टिट्यूट, म्हणजे सीएंची देशभरची संस्था आयसीएआय, एकच आहे, १ जुलै १९४९ रोजी सीए कायद्याखाली स्थापन झालेली. त्याच कायद्याच्या कलम २३ खाली तिच्या पाच विभागीय परिषदा आहेत: मुंबई, चेन्नई, कोलकाता, कानपूर आणि दिल्ली. आपण मुंबईच्या, म्हणजे पश्चिम विभागात येतो. महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव एवढा त्याचा पसारा. त्याखाली नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर अशा गावोगावच्या शाखा, आणि शाखेच्या पंखाखाली स्टडी सर्कल. विद्यार्थ्यांची विकासा ही संघटनाही याच परिषदेची. आर्टिकल असताना तुम्ही कधीतरी तिच्या नाटकात किंवा क्विझमध्ये भाग घेतला असेल.

परिषदेकडे काय नाही, हे कळलं की अपेक्षाभंग कमी होतो. परीक्षा, अभ्यासक्रम, ऑडिटची मानकं, फर्मची नोंदणी हे सगळं दिल्लीचं. शिस्तीचं काम तर मुळीच इथं नाही. कुणी तुमचे क्लायंट पळवतो, कुणी गल्लीभर जाहिरातीचे फलक लावतो, अशी तक्रार घेऊन माणसं शाखेच्या अध्यक्षांकडे जातात आणि "यांना काही करता येत नाही" म्हणून चिडून परततात. अध्यक्षांना खरंच काही करता येत नाही. तक्रार ठरलेल्या नमुन्यात डायरेक्टर, डिसिप्लिन यांच्याकडे करायची असते. कायद्यात दोषांच्या दोन अनुसूची, म्हणजे याद्या, आहेत: पहिल्या अनुसूचीतला दोष असेल तर बोर्ड ऑफ डिसिप्लिन, दुसरीतला असेल तर डिसिप्लिनरी कमिटी. परिषदेचं आणि शाखेचं काम म्हणजे शिकवणं, विद्यार्थ्यांचे वर्ग चालवणं, सभासदांची गाऱ्हाणी वर पोचवणं आणि माणसांना एका खोलीत आणणं. शेवटचं काम कायद्यात फारसं उठून दिसत नाही, पण माझ्या मते तेच खरं.

'विभाग' या गोष्टीला आपल्या धंद्यात जुनी मुळं आहेत. १९१३ च्या कंपनी कायद्यानंतर ऑडिटरला प्रांतिक सरकारकडून दाखला घ्यावा लागे. एक दाखला सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात चाले. दुसरा मर्यादित, फक्त त्या प्रांतापुरता आणि दाखल्यात लिहिलेल्या भाषेपुरता. मुंबईत १९१८ साली जीडीए ही पदविका सुरू झाली, ती पास होऊन तीन वर्षं उमेदवारी केली की मोठा दाखला मिळे. भाषेची ती अट इतिहासजमा झाली असं वाटतं खरं, पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ८१ उघडून बघा. संस्थांच्या ऑडिटला सीए चालतो, पण त्याला संस्थांच्या कामकाजाची जाण हवी, वर्षभराचा अनुभव हवा आणि मराठीचं कामचलाऊ ज्ञान हवं. तुमच्या गावी पतसंस्था, दूध संस्था, सोसायट्या भरपूर असणार. त्या ऑडिटचा अनुभव पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये मिळत नाही. नमुना 'ओ' मधला दोषदुरुस्ती अहवाल, संस्थेला द्यायचा अ, ब, क, ड वर्ग, पॅनेलवर नाव लावणं, हे सगळं मी शाखेतल्या एका जुन्या सर्टिफाइड ऑडिटरकडून शिकले. ते सीएही नव्हते, जीडीसीए, म्हणजे सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका, झालेले होते. शाखेच्या चहाला मात्र नेमानं येत.

आता तासांचं. सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस असलेल्या, साठीच्या आतल्या सभासदाला तीन वर्षांत १२० तास भरायचे असतात, त्यात दर वर्षी किमान २० तास स्ट्रक्चर्ड, म्हणजे मान्यताप्राप्त वर्ग-सेमिनारमधले. हे आकडे इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर दर वर्षी एकदा बघून घ्यावेत, नियम अधूनमधून बदलतात. तास भरण्याला मी शिक्षण मानत नाही. तीनशे माणसांच्या सभागृहात पहिल्या सत्राला सही करून थेट कोर्टाच्या कँटीनला जाणारे मी पाहिले आहेत. ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद ठेवून त्याच वेळी रिटर्न भरणारे तर आपण सगळेच आहोत, मीसुद्धा. तेव्हा तास कुठूनही भरा, त्यावरून शाखेत जायचं की नाही हे ठरवू नका.

ठरवायचं असेल तर एनओसीवरून ठरवा.

नव्या सीएला पहिल्या वर्षी हमखास भेटणारा हा प्रश्न. दुसऱ्या कुणाचा ऑडिट क्लायंट तुमच्याकडे येतो आणि म्हणतो, "आधीच्यांची एनओसी आणून देतो." गावातल्या निम्म्या सीएंचाही समज असतो की एनओसीशिवाय ऑडिट घेता येत नाही. कायद्यात एनओसी हा शब्दच नाही. पहिल्या अनुसूचीच्या भाग एकमधलं आठवं कलम एवढंच म्हणतं की आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय काम स्वीकारायचं नाही. पत्र पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा, किंवा ते त्यांच्या हातात पडल्याचा दुसरा पक्का पुरावा ठेवा. त्यांनी 'ना हरकत' लिहून द्यावी अशी गरज नाही, आणि नुसत्या रागापोटी ते तुम्हाला अडवूही शकत नाहीत. एक गोष्ट मात्र अडवते. इन्स्टिट्यूटच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आधीच्या ऑडिटरची वाद नसलेली फी थकलेली असेल, तर ती मिळेपर्यंत तुम्ही ऑडिट घेऊ शकत नाही, आजारी उद्योग सोडले तर. आणि 'वाद नसलेली' म्हणजे काय? दोघांनी सही केलेल्या ताळेबंदात ऑडिट फीची तरतूद दिसत असेल, तर ती वाद नसलेली. नंतर मालकानं कितीही आरडाओरडा केला तरी.

२०१० च्या सुमाराला माझ्याकडे एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आली. आधीचे ऑडिटर गावातलेच, माझ्याहून वीस वर्षांनी ज्येष्ठ. मी पत्र टाकलं. दहा-बारा दिवस उत्तर नाही. मग एका गुरुवारी स्टडी सर्कलला ते शेजारच्याच खुर्चीवर. चहा घेताना मीच विषय काढला. ते म्हणाले, "पत्र मिळालं तुझं. उत्तर लिहितोच आहे. दोन वर्षांची फी राहिली आहे, ताळेबंदात बघ, दिसेल." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि घेणार असशील तर ३१ मार्चला गोडाऊनला स्वतः जा हं. आर्टिकलला पाठवू नकोस."

एवढंच. क्लायंटची माहिती बाहेर फोडणं हा दुसऱ्या अनुसूचीतला दोष आहे, आणि त्यांनी काहीही फोडलं नाही. साठ्याच्या मोजणीला ऑडिटरनं हजर राहावं, हे तर कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण कोणत्या क्लायंटच्या बाबतीत ते आवर्जून सांगायचं, हे कुठल्या पुस्तकात सापडणार? मी मालकांना निरोप दिला: आधी त्यांची फी चुकती करा, आणि वर्षअखेरीला साठ्याच्या मोजणीला मी स्वतः येईन. मालकांचा पुन्हा फोन आला नाही. ते ऑडिट पुढे कुणी घेतलं ते मला माहीत आहे, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं तेही माहीत आहे, पण तो विषय इथं नको.

ही ओळख नसती तर मला फक्त एक कोरडं पत्र आलं असतं, तेही कदाचित काम घेऊन झाल्यावर. दुसऱ्या अनुसूचीत सातवं कलम आहे: कामात पुरेशी काळजी न घेणं किंवा ढोबळ निष्काळजीपणा. आपल्यावरच्या तक्रारींत हे कलम सारखं पुढे येतं. एकट्याच्या प्रॅक्टिसमध्ये त्या कलमापासून वाचवायला दुसरा पार्टनर नसतो, म्हणून बाहेर पाच-सहा माणसं हवीत. ती माणसं कमावण्याची जागा म्हणजे स्टडी सर्कल.

आमचं सर्कल कसं चालतं ते सांगते. दर गुरुवारी सकाळी आठ वाजता, एकाच्या ऑफिसात. खुर्च्या बारा-तेरा, त्याहून जास्त माणसं आली तर आर्टिकलच्या टेबलावर बसायचं. वक्ता बाहेरून बोलवायचा नाही, आपल्यातल्याच एकानं वाचून यायचं. सव्वानऊला उठायचं, कारण साडेनऊला कुणाचे ना कुणाचे क्लायंट येतात.

मार्च २०२४ मधला एक गुरुवार घ्या. आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच) नवं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे एमएसएमई कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च पैसे देऊ त्याच वर्षी मिळणार. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची, असेल तर जास्तीत जास्त ४५. रिटर्नच्या तारखेच्या आत भरलं की चालतं, ही ४३बीची नेहमीची सवलत इथं नाही. बाजारात नुसता गोंधळ होता. कापड दुकानदार, किराणा घाऊक विक्रेते, सगळे क्लायंट फोन करून विचारत होते, ३१ मार्चच्या आत सगळ्यांचे चेक काढू का?

चर्चेत एकानं प्रश्न टाकला: माझ्या क्लायंटनं माल घेतला तो ट्रेडरकडून, त्याच्याकडे उद्यमचा, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा, दाखला आहे, मग हे कलम लागतं का? चौघं 'लागतं' म्हणाले. एकजण गप्प बसून फोनमध्ये काहीतरी शोधत होता. त्यानं २ जुलै २०२१ चं मंत्रालयाचं ऑफिस मेमोरँडम काढलं आणि मोठ्यानं वाचलं. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी करता येईल, पण लाभ फक्त बँकांच्या प्राधान्यक्षेत्र कर्जापुरता. म्हणजे विलंबानं पैसे देण्याची तरतूद त्या व्यापाऱ्यासाठी लागू होत नाही. दाखल्यावरचा व्यवसायाचा प्रकार बघायचा: उत्पादन, सेवा की ट्रेडिंग.

खोली क्षणभर शांत. मग एकजण म्हणाला, "मी आठवड्यात तिघांना उलटं सांगितलंय." तो उठला, बाहेरच्या जिन्यात उभा राहिला आणि तिथूनच तिघांना फोन केले. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. परत येऊन बसला आणि म्हणाला, "पुढचा मुद्दा घ्या."

मोठ्या सभागृहात हा फोन झाला नसता. तिथं चूक कबूल करता येत नाही, कारण मागच्या रांगेत क्लायंटचा मेहुणा बसलेला असू शकतो. आता नवा आयकर कायदा, २०२५ चा, १ एप्रिल २०२६ पासूनचा. ५३६ कलमं, 'कर निर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं, आणि ४४एबी, ८०सी असे तोंडात बसलेले आकडे बदलले. आमच्याकडे दर गुरुवारी एक प्रकरण, जुनं कलम आणि नवं कलम शेजारी ठेवून. तुमची पिढी यात आमच्या बरोबरीनं उभी आहे. जुने आकडे तीस वर्षं पाठ असण्याचा आम्हाला तोटाच होतो आहे. सर्कलमध्ये नव्या माणसानं शिरण्यासाठी इतका चांगला मुहूर्त मला तरी आठवत नाही. पहिल्याच महिन्यात "हे प्रकरण मी घेते" म्हणून सांगा.

तुमच्या गावी सर्कल नसेल किंवा मेलेलं असेल तर? चार जण गोळा करा. मान्यता, तास, बॅनर या गोष्टी नंतर शाखेमार्फत होतात. आधी चार माणसं आणि ठरलेला वार.

मुंबईच्या संस्थांचं थोडक्यात. बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी ही ऐच्छिक संस्था, इन्स्टिट्यूटनंतर अवघ्या पाच दिवसांनी, ६ जुलै १९४९ ला निघालेली. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स तर १९२६ ची. दोन्हींची मासिकं चांगली आहेत आणि जिल्ह्याच्या गावी मासिक हाच मोठा फायदा. सोसायटीचा निवासी रिफ्रेशर कोर्स एकदा तरी करा. तिथं पेपर आधी वाचून यावा लागतो आणि छोट्या गटांत चर्चा होते, त्यामुळे सही करून पळता येत नाही. दोन्हींची वर्गणी भरणारे मी ओळखते. त्यांच्याकडे मासिकांचे दोन गठ्ठे असतात, दोन्ही न उघडलेले.

स्थानिक कर सल्लागार संघटनेबद्दल मात्र मी थोडी जास्त आग्रही आहे. तिथं वकील असतात, जुने विक्रीकर सल्लागार असतात, सीए नसलेलेही असतात. नव्या सीएला कधीकधी वाटतं, आपण यांच्यात कुठे बसायचं. हा तोरा पहिल्या महिन्यातच घरी ठेवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आमच्या गावात तो सर्वांत आधी कळला एका विक्रीकरवाल्या वकिलांना, कारण कारणे दाखवा नोटिशीला उत्तर कसं लिहायचं, सुनावणीला काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आम्हाला कायदा वाचता येत होता. अधिकाऱ्यापुढे उभं राहून तो मांडणं त्यांनी शिकवलं. पोर्टल बंद पडतं, एखाद्या खात्याची विचित्र मागणी येते, तेव्हा निवेदन द्यायलाही हीच संघटना पुढे असते, कारण तिच्यात गावातले सगळे असतात.

निवडणुकांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण वर्षभरात तुम्हीच विचाराल, म्हणून लिहिते. केंद्रीय परिषदेवर जास्तीत जास्त ३२ निवडून आलेले आणि ८ सरकारनं नेमलेले. विभागीय परिषदेच्या निवडणुकाही त्याच सुमाराला, आणि मतदान एकल संक्रमणीय पद्धतीनं, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी पसंती. त्या काळात तुम्हाला अचानक मुंबई, पुणे, अहमदाबादहून आपुलकीचे फोन येतील. लोक तुमचा वाढदिवस लक्षात ठेवतील. मत द्या, विचार करून द्या, पण शाखेच्या समितीत इतक्या लवकर जाऊ नका. समितीत पहिल्या वर्षी तुमच्याकडे वक्त्याला स्टेशनवरून आणणं आणि जेवणाच्या कुपनांचा हिशेब एवढंच येतं, आणि तुमचा टॅक्स ऑडिटचा सप्टेंबर त्यात जातो. प्रॅक्टिस उभी राहिली की अवश्य जा. स्त्रिया तर हव्याच आहेत. १९९४ साली मी शाखेत पहिल्यांदा गेले तेव्हा सभागृहात मी आणि आणखी एक, एवढ्याच होतो, आणि संयोजकांनी आम्हाला आभारप्रदर्शनाला उभं केलं. देशातल्या पहिल्या महिला सीए आर. शिवभोगम् यांनी १९५५ ते १९५८ या काळात दक्षिण विभागीय परिषदेचं अध्यक्षपद सांभाळलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. कळलं असतं तर आभार मानताना आवाज कापला नसता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांबण लावलं ती.

काही वर्षांपूर्वी आमच्या सर्कलमधले एकजण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री झोपेत गेले. वय बावन्न. एकट्याची फर्म, दोन आर्टिकल, एक अकाउंटंट. पन्नासच्या आसपास टॅक्स ऑडिट, त्यातली निम्मी बाकी, मुदत ३० सप्टेंबर. त्यांच्या पत्नी शिक्षिका. तिसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं तेव्हा दारात क्लायंट उभे होते. दुखवट्याचे दोन शब्द बोलून प्रत्येक जण विचारत होता, माझ्या फाइलचं काय? एका क्लायंटनं त्यांच्या पत्नीला सरळ सांगितलं, "साहेबांची डीएससी, डिजिटल सहीचं टोकन, तर ड्रॉवरमध्येच आहे. अकाउंटंटला माहीत आहे सगळं. करून टाका."

त्याला वाईट म्हणू नका, त्याला खरंच कळत नव्हतं. आम्हाला कळत होतं. ऑडिट रिपोर्टवरचा यूडीआयएन हा अठरा आकडी क्रमांक, त्यात सही करणाऱ्याचा सभासद क्रमांकच असतो. मेलेल्या माणसाच्या नावानं तो काढणं म्हणजे बनावट दस्तऐवज. त्या दुपारी आमच्यातले तिघं तिथं जाऊन बसले. पहिलं काम, डीएससीचा डबा पाकिटात घालून, वर सह्या करून वहिनींच्या हातात दिला. त्यात त्यांच्या स्वतःच्या एका टोकनबरोबर क्लायंटची तीसेक टोकन होती. मग यादी केली. सगळ्या क्लायंटना एकच मजकूर गेला: तुम्हाला हव्या त्या सीएकडे जा, फाइल मिळेल. ज्यांना कुणी नव्हतं त्यांची कामं आम्ही सहा जणांनी वाटून घेतली. घेताना प्रत्येकानं स्वतःची मोजणी केली, कारण एका सभासदाला वर्षाला ६० टॅक्स ऑडिटची मर्यादा आहे आणि आमच्यातला एकजण आधीच छप्पन्नवर होता. दोन कंपन्या होत्या. त्यांच्या संचालक मंडळांना सांगितलं की ऑडिटरच्या मृत्यूनं झालेली जागा मंडळ स्वतः ३० दिवसांत भरू शकतं. राजीनामा असता तर सर्वसाधारण सभेची मंजुरीही लागली असती. दोन्ही आर्टिकलना नवे प्रिन्सिपल, म्हणजे ज्यांच्याकडे उमेदवारी करायची ते सीए, बघून दिले. त्यातली एक मुलगी माझ्याकडे आली, आज तिची स्वतःची फर्म आहे.

पैशांचं सगळ्यांत अवघड. एका सीएनं वहिनींना सुचवलं होतं, "मी क्लायंट सांभाळतो, दर वर्षी फीमधला चौथा हिस्सा तुम्हाला." हेतू चांगला असेलही, पण हे चालत नाही. एकट्याच्या फर्मचा मालक गेल्यावर त्याच्या वारसांना फीमध्ये वाटा देता येत नाही. चालतं ते असं: फर्मचं गुडविल, म्हणजे नावलौकिक, दुसऱ्या पात्र सभासदाला विकायचं, रक्कम ठरवून टाकायची, मग ती हप्त्यांनी दिली तरी हरकत नाही. आणि हे सगळं, त्याच फर्मच्या नावानं काम करण्यासाठी इन्स्टिट्यूटकडे करायच्या अर्जासकट, मृत्यूपासून एका वर्षाच्या आत. वर्षभर ते नाव इन्स्टिट्यूट राखून ठेवते, मग जातं. ही तरतूद वहिनींना कुठून माहीत असणार? आमच्यातही दोघांनाच माहीत होती. सीएंचा एक मदत निधीही आहे, सीएबीएफ, अडचणीतल्या सभासदांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी. त्याचा अर्ज शाखेनं भरून दिला. त्या वेळी शाखेच्या अध्यक्षांनी जेवढी धावपळ केली तेवढी मी कुठल्याही सेमिनारला पाहिली नाही. त्यांच्याबद्दल मी आधी जे काही बोलले असेन ते मागे घेतलं.

इन्स्टिट्यूटच्या बोधचिन्हातल्या गरुडाखाली कठोपनिषदातली ओळ आहे, 'य एष सुप्तेषु जागर्ति', झोपलेल्यांत जो जागा असतो तो. आर्टिकल असताना आम्ही ती टॅक्स ऑडिटच्या रात्रींवरचा विनोद म्हणून म्हणायचो. त्या सप्टेंबरात कुणी म्हटली नाही.

तेव्हापासून आमच्या सर्कलमध्ये एक रिवाज आहे, आणि तुम्ही प्रॅक्टिस आत्ताच सुरू करताय तर तोही आत्ताच सुरू करा. एक कागद. त्यावर क्लायंटची नावं आणि फोन, कुणाचं कोणतं काम चालू आहे, कुणाची मूळ कागदपत्रं तुमच्या ऑफिसात आहेत, क्लायंटच्या डीएससी कुठे ठेवल्या आहेत, कुणाकडून किती फी यायची आहे, आर्टिकलचे दिवस किती राहिले. पासवर्ड लिहायचे नाहीत. कागद पाकिटात बंद करून सर्कलमधल्या दोघांकडे द्यायचा, आणि घरात एकाला सांगून ठेवायचं की ते दोघं कोण. तुमच्या गावी असे दोघं आज नाहीत, हे मला समजतं. पहिलं वर्ष ते शोधण्यात गेलं तरी चालेल. आमच्याकडे पाकीट दर १ एप्रिलला बदलायचं असतं. माझं या वर्षीचं अजून द्यायचं राहिलं आहे, उद्या गुरुवार आहे, तेव्हा घेऊन जाते.